स्मिथ्स, द
इंग्लंडमधील मँचेस्टर शहरात १९८२ मध्ये स्थापन झालेला रॉक वाद्यवृंद. अवघ्या पाच वर्षांच्या अस्तित्वात त्याने ऑल्टरनेटिव्ह रॉक या संगीतप्रवाहाला वळण लावले. गायक व गीतकार स्टीव्हन पॅट्रिक मॉरिसी (२२ मे १९५९– ) आणि गिटारवादक व संगीतकार जॉनी मार (३१ ऑक्टोबर १९६३– ) हे त्याचे प्रवर्तक. बेस गिटारवादक अँडी रोर्क (१७ जानेवारी १९६४–१९ मे २०२३) व ड्रमवादक माइक जॉइस (१ जून १९६३– ) हे अन्य दोन प्रमुख सदस्य होत.

त्या काळी ब्रिटिश लोकप्रिय संगीतावर सिंथेसायझरचा प्रभाव होता. स्मिथ्सने मात्र गिटारला पुन्हा केंद्रस्थानी आणले. मारच्या एकावर एक रचलेल्या स्वच्छ, नादमधुर स्वरावली आणि एकाकीपणा, उपरोध व उत्तर इंग्लंडमधील सामान्य जीवन यांवर आधारलेली मॉरिसीची गीते यांचा मेळ हे या वाद्यवृंदाचे वैशिष्ट्य. ‘स्मिथ’ हे अतिसामान्य आडनावही याच भूमिकेतून स्वीकारले होते. लंडनच्या ‘रफ ट्रेड’ या स्वतंत्र कंपनीने त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका १९८३ मध्ये काढली. द स्मिथ्स (१९८४), मीट इज मर्डर (१९८५), द क्वीन इज डेड (१९८६) आणि स्ट्रेंजवेज, हिअर वुई कम (१९८७) हे त्यांचे चार प्रमुख गीतसंग्रह. त्यांपैकी मीट इज मर्डर ब्रिटिश विक्रीसूचीत प्रथम क्रमांकावर, तर उरलेले तिन्ही द्वितीय क्रमांकावर पोहोचले.

तथापि कलात्मक यशाला व्यवस्थापनाची जोड मिळाली नाही. १९८३ च्या अखेरीपासून वाद्यवृंदास दीर्घकाळ टिकणारा व्यवस्थापक लाभला नाही व व्यवहाराचा बराच भार मारवर पडला. रफ ट्रेडशी झालेल्या वादामुळे द क्वीन इज डेड चे प्रकाशन लांबले. ईएमआय या मोठ्या कंपनीशी नवा करार झाला. परंतु तिच्यासाठी ध्वनिमुद्रण होण्यापूर्वीच, १९८७ च्या उन्हाळ्यात, थकलेल्या मारने वाद्यवृंद सोडला. अखेरचा गीतसंग्रह फुटीनंतर प्रकाशित झाला.

फुटीचा शेवट न्यायालयात झाला. ध्वनिमुद्रण व कार्यक्रम यांच्या नफ्यापैकी मॉरिसी व मार प्रत्येकी ४० टक्के, तर रोर्क व जॉइस प्रत्येकी १० टक्के घेत. मात्र याविषयी लेखी करार नव्हता. रोर्कने आधीच तडजोड केली. जॉइसच्या दाव्यात लंडनच्या उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये, १८९० च्या भागीदारी कायद्याच्या आधारे, त्याचा २५ टक्के वाटा मान्य केला. मॉरिसीचे अपील १९९८ मध्ये फेटाळले गेले. गीतलेखनाचे मानधन या निर्णयाच्या कक्षेबाहेर होते. गीतरचना दोघांची असली, तरी वाद्यवृंद ही चौघांची भागीदारी ठरते, हा भेद वेळीच लेखी न झाल्याने मैत्रीवर उभा राहिलेला व्यवहार वैरात संपला.

द स्टोन रोझेस, ओअ‍ॅसिस इ. नंतरच्या ब्रिटिश वाद्यवृंदांवर स्मिथ्सचा प्रभाव दिसतो. चौघे सदस्य पुन्हा कधीही एका रंगमंचावर आले नाहीत. रोर्कच्या निधनाने ती शक्यताही संपली.