कातीव: लाकडी तबकडी, कल्याण बंदर आणि एक विसरलेला कारागीर (धागा)

डिस्क गोल्फ या खेळात तबकडी भिरकावून साखळ्यांच्या टोपलीत टाकायची असते. १९७०च्या दशकात अमेरिकेत तो नियमबद्ध झाला. स्पर्धेतील तबकडी प्लास्टिकचीच लागते आणि तिचा व्यास किमान २१ सेंमी असावा लागतो. तरीही काही हौशी कारागीर लेथवर लाकडाची तबकडी घडवतात. ठाणे-कल्याणच्या वाचकाला हे परके वाटू नये, कारण जवळपास तेवढ्याच आकाराची लाकडी तबकडी त्याच्या स्वयंपाकघरात असते. तिला पोळपाट म्हणतात.

लाकूड फिरते ठेवून त्याला पटाशी लावायची आणि गोल आकार काढायचा, या कामाला मराठीत ‘कातणे’ म्हणतात व ते करणारा तो ‘कातारी’. सूत कातणे आपल्याला आठवते, लाकूड कातणे विसरले गेले. ‘कातीव’ हे विशेषण मात्र टिकले. आज ते पिळदार शरीरासाठी वापरले जाते. मूळ अर्थ लेथवर उतरवलेले, असा आहे.

लाटणे कातणे सोपे, पोळपाट कातणे अवघड. लाटण्यात लाकडाचे तंतू फिरण्याच्या अक्षाला समांतर असतात. तबकडीत ते आडवे पडतात आणि प्रत्येक फेऱ्यात दोनदा तंतूंची उघडी टोके पटाशीसमोर येतात. हात जरा चुकला की लाकूड उचकटते. मग ओंडक्याचा आडवा काप घेऊन थेट गोल चकती का काढू नये? कारण ती वाळताना गाभ्यापासून कडेपर्यंत तडकते. तबकडी उभ्या चिरलेल्या फळीतूनच काढावी लागते. तीही वाळताना वर्षवलयांच्या दिशेने अधिक आकसते, आरपार दिशेने कमी. म्हणून आज गोल दिसणारी तबकडी काही महिन्यांनी किंचित लंबगोल होते. जाणता कारीगर आधी ओबडधोबड चकती काढतो, ती वाळू देतो आणि मगच अखेरचा हात फिरवतो.

हे ज्ञान या प्रदेशात किती जुने असावे? पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात भडोचहून इराणी आखाताकडे जाणाऱ्या मालात सागवान, आबनूस आणि ‘सासमीन’ नावाचे लाकूड नोंदलेले आहे. त्याच ग्रंथात ‘कल्लिएना’ म्हणजे कल्याण बंदराचाही उल्लेख आहे. पुढे सहाव्या शतकात कॉस्मास हा लेखक कल्याणची निर्यात सांगतो: पितळ किंवा तांबे, कापड आणि पुन्हा तेच सासमीन. अभ्यासक सामान्यतः या शब्दात संस्कृत ‘शिंशपा’ पाहतात. म्हणजे बहुधा शिसवी, जे कातकामाला आजही उत्तम मानले जाते.

लाकूड कल्याणचे, कारागीर कोण? कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याणचा सोनार सामिदत्त पाण्याचे टाके दान देताना भेटतो, कल्याणचा लोहार नंद भेटतो. घाटावर कार्ल्याच्या चैत्यात धेनुकाकटाचा सुतार सामी, वेणुवासाचा पुत्र, दाराचे काम आपल्या नावावर नोंदवतो. सुतारांत कातारी मिसळून गेला असणे शक्य आहे. स्वतंत्र नावाने त्याला या ओळीत उभे करता येत नाही.

पण तो एका अनपेक्षित जागी सापडतो. पाली ‘सतिपट्ठान सुत्ता’त श्वासावर लक्ष कसे ठेवावे हे सांगताना बुद्धांनी दिलेली उपमा ‘भमकारा’ची, म्हणजे कातारी किंवा त्याच्या शिष्याची आहे. लांब ओढ घेताना आपण लांब ओढत आहोत आणि आखूड घेताना आखूड, हे त्याला जसे ठाऊक असते, तसे साधकाला आपल्या श्वासाचे भान असावे.

‘ओढ’ हा शब्द नीट पाहावा. जुन्या भारतीय लेथला चाक नव्हते. दांड्याला दोरीचे वेढे देऊन ती इकडून तिकडे ओढली जाई, त्यामुळे लाकूड एकदा पुढे आणि एकदा मागे फिरे. पटाशी कापायची ती एकाच दिशेच्या फेऱ्यात. परतीच्या फेऱ्यात ती अलगद सैल धरायची. काम, विसावा, काम, विसावा. श्वासाला याहून नेमकी उपमा शोधणे कठीण आहे. पाचव्या शतकातील बुद्धघोषाच्या नावावर असलेली अट्ठकथा आणखी बारकाईने सांगते: भेरीसारखी मोठी वस्तू कातताना कातारी हातपाय पसरून लांब ओढ घेतो आणि हस्तिदंती सुईसारख्या नाजूक कामात हळूहळू, आखूड. यात पायांचा उल्लेख मोलाचा आहे. जमिनीवर बसून पायांनीही अवजार सावरणारे कारागीर भारतात अलीकडेपर्यंत दिसत आणि हे वर्णन लिहिणाऱ्याने असे काम जवळून पाहिले असावे.

मध्ययुगात पुरावा पुन्हा विरळ होतो. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आली आणि दुर्गाडीच्या खाडीकाठी जहाजबांधणीला आरंभ झाला. इतिहास गलबते मोजतो. परंतु शिडाचे जहाज कप्प्यांवर चालते आणि कप्पीच्या पोटात खाचेची गोल चकती असते. ती कुणीतरी कातली असणारच. त्या माणसाची नोंद ठेवण्याची गरज कुणाला वाटली नाही.

विजेच्या मोटरीने लाकूड एकाच दिशेने, अखंड फिरू लागले. काम वेगवान झाले, परतीचा फेरा गेला आणि दोरी ओढणारा दुसरा माणूसही गेला. पुष्कळ कारखान्यांत तो कातार्‍याच्याच घरचा, अनेकदा बायको किंवा मुलगा, असे.

लाकूड कुजते, म्हणून प्राचीन कातकामाचे नमुने हाती लागणे दुर्मीळ. कार्ल्याच्या चैत्यात मात्र स्तूपावर आजही लाकडी छत्र उभे आहे. ते लेथवर उतरलेले नाही, कोरलेले आहे; तरीही सह्याद्रीच्या इतक्या पावसाळ्यांत टिकलेली ती एक गोल लाकडी चकतीच आहे. कल्याणहून लोणावळ्याची गाडी धरली की ती पाहायला जाता येते. मान वर करून, नक्षीकडे नीट पाहावे.