पावसाळी डोंगरयात्रा, ठाणे–कल्याण परिसर

जून ते सप्टेंबर या काळात पाठीवर मुक्कामाचे सामान घेऊन सह्याद्रीच्या धारेवरून व घाटवाटांनी केलेला दोन वा अधिक दिवसांचा पायी प्रवास. गिर्यारोहकांत यास 'रेंज ट्रेक' म्हणतात. धबधब्याखाली भिजून संध्याकाळी घरी परतण्याच्या सहली या नोंदीच्या कक्षेबाहेर आहेत.

ठाणे, कल्याण व डोंबिवली येथून निघणाऱ्यांचे प्रमाण मोठे असण्याचे कारण लोहमार्ग. कल्याणपर्यंत गाडी १८५४ मध्ये पोहोचली. तेथे मार्गाला दोन फाटे फुटतात. कसाऱ्याच्या वाटेवर आसनगावहून माहुली, पुढे कसाऱ्याहून रतनगड व कळसूबाई (१,६४६ मी.) गाठता येतात. दुसऱ्या फाट्यावरील कर्जतहून राजमाची, ढाक आणि खांडसमार्गे भीमाशंकर जवळ पडतात. तिसरी दिशा एसटीची. मुरबाडवरून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या या रस्त्याच्या आसपास गोरखगड, सिद्धगड व नाणेघाट येतात. शनिवारची सुट्टी वाया जाऊ नये म्हणून शुक्रवारी रात्रीची शेवटची कसारा लोकल पकडण्याचा प्रघात जुना आहे.

प्रमुख मार्ग. सर्वाधिक वर्दळीचा मार्ग हरिश्चंद्रगडाचा (१,४२४ मी.). कल्याणहून माळशेज चढून खुबी फाट्यावर उतरायचे, धरणाच्या बांधावरून खिरेश्वर, तेथून टोलार खिंड, असा क्रम असतो. खिंडीवरील कातळटप्प्यावर लोखंडी कठडे आहेत. खरी अडचण त्यानंतर येते. लागोपाठच्या टेकाडांवरून जाणारी पुढची वाट धुक्यात हरवते, आणि गुरांच्या वाटा तिच्याइतक्याच मळलेल्या असल्याने चकवा पडतो. गडावरील मंदिराजवळच्या गुहा हे मुक्कामाचे ठिकाण. उतरण्यासाठी पाचनईची वाट सोयीची. कोकणकड्याच्या बाजूची नळीची वाट पावसात वर्ज्य समजली जाते, कारण ती नळीच मुळात पाण्याने कोरलेली आहे. रतनगड–कात्राबाई खिंड–हरिश्चंद्रगड हा मार्ग अधिक लांबीचा असून त्यात मुळा नदीचे खोरे ओलांडावे लागते. नाणेघाट ही सातवाहनकालीन व्यापारी वाट. तिच्या माथ्याजवळच्या लेण्यात ब्राह्मी लेख आहे, तर बाहेर दगडी रांजण.

हवामान व शरीर. नैर्ऋत्य मोसमी वारे घाटाच्या भिंतीला अडून वर चढतात व थंड होतात. परिणामी पायथ्याच्या कोकणापेक्षा माथ्यावर पाऊस अधिक, आणि तोही दिवसदिवस न थांबणारा असतो. जुलैत कल्याणला घामाच्या धारा लागलेल्या असताना गडमाथ्यावर पारा १८ ते २० अंश से.च्या आसपास असतो. हा आकडाच फसवा आहे. हिमालयात जाताना गरम कपडे न विसरणारे लोक येथे सुती जीन्स व टी-शर्टवर येतात. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. त्यात भिजलेले अंग, बोचरा वारा, रिकामे पोट व थकवा एकत्र आले की शरीराचे आंतरिक तापमान ३५ अंशांखाली जाऊ शकते. यास अल्पतापावस्था म्हणतात. आधी हुडहुडी व दातखिळी, मग बुटाची नाडी बांधता न येणे, बोलणे अडखळणे, आणि शेवटी थरथर थांबणे. हे थांबणे बरे वाटण्याचे लक्षण समजू नये. ओले कपडे उतरवून कोरडे घालणे, स्लीपिंग बॅग, वाऱ्यापासून आडोसा आणि शुद्धीवर असल्यास गोड गरम पेय हे प्राथमिक उपाय होत. हातपाय जोराने चोळणे व मद्य देणे घातक ठरते. ऑगस्ट २०२३ मध्ये हरिश्चंद्रगडावर वाट चुकलेल्या गटातील एका तरुणाचा थंडीने मृत्यू झाला.

साहित्य. पोंचो पाऊस अडवतो, पण धारेवरच्या वाऱ्यात उलटतो. म्हणून पाठपिशवीत आतून जाड प्लास्टिकची पिशवी घालून तिचे तोंड पिळून बांधतात. झोपण्याचा एक कोरडा जोड वेगळा ठेवला जातो. सकाळी तो उतरवून कालचे ओले, गार कपडेच पुन्हा अंगावर चढवायचे असतात. नवख्यांकडून नेमका येथेच नियम मोडतो व दुसऱ्या रात्री कोरडे काहीच उरत नाही. शेतकऱ्यांची पारंपरिक साधने इरले व घोंगडी. यांपैकी भिजल्यावरही काहीशी ऊब धरणारी घोंगडी जुन्या भटक्यांनीही वापरली.

ओढे व दरडी. बेसाल्टचा कातळ पाणी फारसे मुरू देत नाही, शिवाय उतार तीव्र व पाणलोट लहान. त्यामुळे ओढा काही मिनिटांत फुगतो आणि पाऊस थांबल्यास बहुधा काही तासांत ओसरतो. थांबून राहणे हाच मार्ग असतो. माळीण (३० जुलै २०१४) व इरशाळवाडी (१९ जुलै २०२३) येथील दरड कोसळण्याच्या दुर्घटनांनंतर उताराखालच्या वस्तीत मुक्काम करण्याविषयी सावधगिरी वाढली.

भोजन. बहुधा खिचडी, अलीकडे वाड्यांतील घरगुती जेवण.

नियमन. राज्य शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण जाहीर केले. पावसाळ्यात जिल्हा प्रशासन काही स्थळांवर बंदीचे आदेश काढते. त्यांच्या परिणामकारकतेविषयी मतभेद आहेत.

ग्रंथ व संकलने. आनंद पाळंदे यांचे डोंगरयात्रा, हरीश कपाडिया यांचे सह्याद्रीवरील इंग्रजी मार्गदर्शक आणि डोंबिवलीच्या ट्रेक क्षितिज संस्थेने केलेले किल्ल्यांच्या माहितीचे संकलन यांचा वापर अधिक होतो. या परंपरेत किल्ल्यांना झुकते माप मिळाले असून घाटवाटांच्या पावसाळी स्थितीच्या नोंदी त्रोटक आहेत.