तार, लटी, गुंडी

'वर्धा योजना' म्हटले की चर्चा वळते ती चरख्याकडे आणि स्वावलंबनाकडे. सात वर्षांच्या मुलाने अंक कसे शिकावेत, हा तिच्यातील साधा प्रश्न मागेच राहतो. आम्हांला तो अधिक मोलाचा वाटतो.

२२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याच्या मारवाडी विद्यालयात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. नागपूर तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी. तेथे नुकतेच काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले होते आणि शिक्षणमंत्री रविशंकर शुक्ल यांची 'विद्यामंदिर' योजना आकार घेत होती. परिषदेने डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. विनोबा, काका कालेलकर, आर्यनायकम दांपत्य तीत होते.

समितीच्या अभ्यासक्रमात गणित हस्तोद्योगाला जोडलेले होते. टकळीवरचे सूत फाळक्याभोवती गुंडाळले की चार फुटांचा एक वेढा म्हणजे एक तार. १६० तारांची एक लटी, चार लट्यांची, म्हणजे ६४० तारांची, एक गुंडी. वेढा मोजताना अंक ओठांवर आणि बोटांत एकाच वेळी येतो. मोजणी चुकली तर ती वहीत नव्हे, सुतात दिसते. (हे माप दशमान नाही. शंभरापर्यंत जेमतेम पोचलेल्या मुलासमोर १६० हा आकडा ठेवणे ही अडचण की संधी, हे बहुधा शिक्षकावर ठरत असावे.)

धोका समितीलाही दिसत होता. आर्थिक बाजूवर भर दिला गेला तर शिक्षक मुलांकडून जास्तीत जास्त काम काढून घेण्यात गुंततील, असा इशारा तिच्या अहवालातच आहे. गुंड्या मोजणे आणि मोजायला शिकणे यांतील अंतर फार थोडे असते. चित्रकलेला अभ्यासक्रमात स्वतंत्र स्थान होते खरे, पण तिच्याकडून आकार-रंगांच्या ओळखीबरोबर वस्तूचे आराखडे आणि आलेख यांचीही अपेक्षा होती. म्हणजे चित्रही पुष्कळसे हिशेबाच्याच दिमतीला.

१९४४ मध्ये शांतिनिकेतनहून देवीप्रसाद सेवाग्रामला कलाशिक्षक म्हणून आले, तेव्हा या मांडणीत फरक पडला. हर्बर्ट रीड यांचे 'एज्युकेशन थ्रू आर्ट' १९४३ मध्ये इंग्लंडात निघाले होते; कला हाच शिक्षणाचा पाया, हा विचार देवीप्रसादांनीही पुढे आयुष्यभर मांडला. मुलाचे चित्र प्रौढांच्या मापाने जोखायचे नाही, हा त्यांचा आग्रह उत्पादनाच्या भाषेत बसणारा नव्हता.

हस्तोद्योगाचा हिशेब वगळून हेच काम करून पाहिले ते ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. ताराबाई काही काळ अमरावतीत, म्हणजे वऱ्हाडातच, राहिलेल्या. १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला त्यांनी माँटेसरीच्या महागड्या साधनांऐवजी खडे, शिंपले, बिया, पाने-फुले वापरली. चिंचोके मोजायचे, त्यांचीच नक्षी मांडायची, मोडायची, पुन्हा मोजायचे: येथे विकायला काहीच उरत नाही, म्हणून मोजणी मुलाचीच राहते. वर्धा योजनेने बालशिक्षणाला हाताचे महत्त्व पटवले हे निर्विवाद, पण अंक आणि नक्षी यांचा मेळ आम्हांला कोसबाडलाच अधिक निर्मळ दिसतो.

अनुताईंचे 'कोसबाडच्या टेकडीवरून' मराठीत आत्मकथन म्हणून वाचले जाते. साहित्याच्या वर्गात ते शिकवताना या चिंचोक्यांपाशीही थोडे थांबता येईल.