विसार गेला!

तर झालं असं की, मागच्या महिन्यात माझे पंचवीस हजार रुपये गेले. कोणी फसवलं नाही, मीच घालवले. सेकंडहँड वॅगन आर बघितली, साडेतीन लाखांना ठरली, विसार दिला, साध्या कागदावर पावतीही झाली. चार दिवसांनी ऑफिसातल्या मित्राने स्वतःची गाडी तीस हजारांनी स्वस्त देऊ केली. मी गाडीवाल्या काकांना फोन करून "नको" म्हटलं. ते शांतपणे म्हणाले, "ठीक आहे, पण विसार परत मिळणार नाही."

मी जाम भडकलो. गाडी अजून त्यांच्याच दारात उभी, मग पैसे कसले? बाबांना सांितलं, तर ते म्हणाले, "विसार म्हणजे दिलेला शब्द. शब्द मोडलास ना?" मग शनिवार-रविवार हा नियम आला कुठून तेच शोधत बसलो.

आणि थक्क झालो. याज्ञवल्क्यस्मृतीत ह्याला 'सत्यंकार' म्हटलंय. म्हणजे सौदा खरा करण्यासाठी दिलेली वस्तू. इसवी सन ११०० च्या आसपास कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात विज्ञानेश्वराने त्यावर 'मिताक्षरा' टीका लिहिली. त्याचं उदाहरण अंगठीचं आहे. खरेदी ठरवताना अंगठी दिली आणि देणाराच फिरला, तर अंगठी गेली. घेणारा फिरला, तर त्याने दुप्पट परत करायची.

आता रोमकडे चला. सम्राट जस्टिनियनच्या ५३३ सालच्या कायद्याच्या पाठ्यपुस्तकात हाच नियम! तिथे विसाराला 'आर्रा' म्हणतात. शब्द मूळचा सेमिटिक, ग्रीकमधून लॅटिनमध्ये गेलेला. हिब्रू बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात यहूदा शेळीचं करडू पाठवीपर्यंत आपली मुद्रा आणि काठी तारण ठेवतो, तिथे त्याचंच हिब्रू रूप आहे. फ्रान्सच्या १८०४ च्या नागरी संहितेतही ग्राहक फिरला तर विसार गेला, विकणारा फिरला तर दुप्पट.

आपल्याकडे इंग्रजांनी १८७२ मध्ये करार कायदा आणला. त्यात दुप्पट परतीचं सरसकट कलम नाही. कलम ७४ म्हणतं की, करार मोडला तर भरपाई वाजवी हवी. १९६३ साली सर्वोच्च न्यायालयापुढे दिल्लीतल्या एका बंगल्याचा खटला आला. किंमत १,१२,५०० रुपये, विकणाऱ्याला मिळालेले २५,०००. पण त्यातले विसाराचे फक्त १,००० होते. न्यायालय म्हणालं, हजार जप्त करा, बाकीचे २४,००० असे परस्पर गिळता येणार नाहीत. उलट १९६९ च्या निकालात दहा लाखांच्या विमान-भंगाराच्या सौद्यातला अडीच लाखांचा विसार बुडाला. तो विसार म्हणूनच दिला होता आणि ग्राहकाने उरलेले पैसे भरलेच नाहीत.

इथे माझा राग उतरला. माझे पंचवीस हजार किमतीच्या सात टक्क्यांच्या आसपास, पावतीवर शब्द 'विसार', आणि फिरलो मीच. शिवाय विसार दोन्ही बाजूंना बांधतो हे मी विसरलोच होतो. त्या चार दिवसांत कोणी वीस हजार जास्त दिले असते, तरी काकांनी गाडी माझ्यासाठीच ठेवावी, अशीच माझी अपेक्षा असती ना?

रविवारी संध्याकाळी काकांना फोन केला, आवाज चढवल्याबद्दल माफी मागायला. कळलं की, माझ्या विसारामुळे त्यांनी खरंच एक गिऱ्हाईक परत पाठवलं होतं, आणि नंतर गाडी पंधरा हजार कमी घेऊन विकली. उरलेले दहा हजार परत देतो, असं ते आपणहून म्हणाले.

मी नको म्हटलं. एकदा शब्द फिरवून झाला होता, तेवढा पुरे.

असो. मित्राची गाडी घेतली. तीस वाचले, पंचवीस गेले. आणि हो, ह्यावेळी विसार न देता थेट पूर्ण पैसे दिले!