व्हॉट्सॲपवरील नकोशा संदेशांची चाळणी : पार्श्वभूमी आणि उपाय

धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावात १ जुलै २०१८ रोजी, आठवडी बाजाराच्या दिवशी, जमावाने पाच जणांना ठार मारले. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरील संदेशांतून परिसरात पसरली होती. मृत्युमुखी पडलेले पाचही जण भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते. त्यांच्यातील बहुतेक जण सोलापूर जिल्ह्याच्या मंगळवेढा तालुक्यातील रहिवासी होते.

या घटनेनंतर केंद्र सरकारने अफवांच्या प्रसारास आळा घालण्याचे निर्देश व्हॉट्सॲप कंपनीला दिले. सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै २०१८ रोजी तहसीन पूनावाला प्रकरणात निकाल देताना, जमावाच्या हिंसाचाराला प्रतिबंध करण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा समन्वय अधिकारी नेमण्यास राज्यांना सांगितले.

चाळणीतील अडचण

ई-मेलमधील नकोसे पत्र वेगळे काढताना सेवा पुरवणारी यंत्रणा त्यातील मजकूर तपासू शकते. व्हॉट्सॲपवर तसे करता येत नाही. एप्रिल २०१६ पासून तेथील संदेश पाठवणाऱ्याच्या फोनवर कुलूपबंद होतो आणि घेणाऱ्याच्या फोनवरच उघडतो. मधल्या यंत्रणेला तो वाचता येत नाही. त्यामुळे मजकूर पाहून संदेश अडवण्याऐवजी त्याच्या प्रसाराचा वेग कमी करण्याचा मार्ग अवलंबण्यात आला.

टप्प्याटप्प्याने निर्बंध

पुढे धाडलेल्या संदेशावर तशी खूण दाखवण्यास जुलै २०१८ मध्ये प्रारंभ झाला. त्याच महिन्यात, भारतात एक संदेश एका वेळी पाचपेक्षा अधिक ठिकाणी धाडता येणार नाही, असे जाहीर करण्यात आले. जानेवारी २०१९ मध्ये ही मर्यादा जगभर लागू झाली. पाच किंवा अधिक हातांतून फिरून आलेल्या संदेशावर दुहेरी बाण दिसू लागला. एप्रिल २०२० पासून, करोना साथीच्या काळात, असा संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवण्याचे बंधन आले. त्यानंतर अशा संदेशांचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने म्हटले होते.

दुहेरी बाण म्हणजे संदेश खोटा असल्याचा निर्वाळा नव्हे. तो अनेक हातांतून आला आहे आणि पाठवणारी व्यक्ती बहुधा त्याची मूळ लेखक नाही, एवढेच त्यातून सूचित होते.

ग्राहकाच्या हाती काय?

आपल्याला कोणत्याही गटात कोणीही परस्पर सामील करू नये, यासाठीची सोय एप्रिल २०१९ मध्ये उपलब्ध झाली. सेटिंगमधील गोपनीयता विभागात जाऊन हा अधिकार केवळ परिचितांपुरता मर्यादित ठेवता येतो. जून २०२३ पासून अनोळखी क्रमांकांवरून येणारे कॉल निःशब्द करण्याची सुविधाही देण्यात आली.

त्रासदायक क्रमांक अडवता येतो, तसेच त्याची तक्रारही करता येते. तक्रार केल्यास त्या क्रमांकावरून आलेले शेवटचे पाच संदेश कंपनीकडे पोहोचतात. अन्यथा न दिसणारा मजकूर अशा वेळी तक्रारदाराच्याच कृतीने तपासणीसाठी उपलब्ध होतो. आर्थिक फसवणूक झाली असल्यास १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर त्वरित दूरध्वनी करणे आवश्यक आहे.

जबाबदारी कोणाची?

गटातील सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल, समान हेतू किंवा पूर्वनियोजन सिद्ध झाल्याखेरीज, गटप्रमुखास दोषी धरता येणार नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये दिला. गटप्रमुख सदस्याला काढू शकतो. परंतु संदेश प्रसिद्ध होण्यापूर्वी त्यावर त्याचे नियंत्रण नसते, असे न्यायालयाने नमूद केले.

मूळ संदेश कोणी पाठवला हे शोधण्याची सोय मोठ्या संदेशसेवांनी ठेवावी, अशी तरतूद केंद्राच्या २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत करण्यात आली. त्यामुळे संदेशांची गोपनीयता संपुष्टात येईल, असे सांगत व्हॉट्सॲपने त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली.

खूण, मर्यादा आणि तक्रार या तिन्ही उपायांनी अफवेची गती मंदावते. मात्र संदेश पुढे धाडण्याचा अंतिम निर्णय तो हाती आलेल्या व्यक्तीचाच राहतो.