होकायंत्राची तबकडी

होकायंत्र उत्तर दिशा दाखविते, एवढे ज्ञान शाळेतल्या मुलासही असते. परंतु अंधाऱ्या रात्री, खाऱ्या तुषारांनी डोळे चुरचुरत असता, हिंदकळणाऱ्या जहाजाच्या सुकाणूवर उभ्या असलेल्या खलाशाला ते वाचता यावे कसे, हा प्रश्न निराळा. आणि तो जीवनमरणाचा. तबकडी अडकून बसली, तर खलाशी निश्चिंत मनाने जहाज खडकांवर नेतो.

जुन्या तबकडीवर 32 दिशा रेखाटलेल्या असत. एकेक सव्वाअकरा अंशांची. भांड्याच्या आतल्या कडेवरची उभी काळी रेघ जहाजाच्या नाळेची दिशा सांगे. वस्तुतः तबकडी जागच्या जागी राहते आणि जहाजच तिच्याभोवती वळते. नवख्याला मात्र तबकडीच फिरते असे वाटते आणि तो सुकाणू भलत्या बाजूस लोटतो.

1820 साली पीटर बार्लो यांनी ब्रिटिश नौदलाच्या कोठारातील निम्मी होकायंत्रे निव्वळ अडगळ ठरविली. तबकडी डुलू नये म्हणून ती जड करावी, तर तिच्या भाराने खालची टोकदार खुंटी बोथट होई आणि तबकडी अडखळत फिरे. हलकी करावी, तर ती थरथरे.

हा पेच विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी हाती घेतला. ‘गुड वर्ड्स’ मासिकासाठी त्यांनी होकायंत्रावर लेख आरंभिला. पहिला भाग 1874 साली छापून आला, दुसऱ्यासाठी वाचकांना पाच वर्षे थांबावे लागले. संपादकाची दया यावी असाच हा प्रकार! पण मधल्या काळात, 1876 साली, थॉमसन यांनी नव्या होकायंत्राचे पेटंट घेतले होते. दहा इंच व्यासाची कागदी तबकडी, ॲल्युमिनियमची कडा, रेशमी दोऱ्यांवर टांगलेल्या आठ बारीक सुया. आणि सगळ्यांचे मिळून वजन सुमारे एक तोळा. भार बहुतेक कडेवर असल्याने तिचा झोका संथ झाला आणि जहाजाच्या हेलकाव्यांशी तो जुळेना. 1889 साली ब्रिटिश नौदलाने ती स्वीकारली.

तथापि मोठमोठ्या तोफांच्या हादऱ्यांनी आणि वेगवान टॉर्पेडो-बोटींच्या थरथरीने ही हलकी तबकडी नाचू लागली. मग जुन्याच एका कल्पनेकडे लक्ष गेले. द्रवाने भरलेल्या होकायंत्राचे पेटंट फ्रान्सिस क्रो यांनी 1813 सालीच घेतले होते. बोस्टनच्या रिची यांनी पुढे तबकडीला पोकळ तरंगता आधार देऊन खुंटीवरचा भार उतरविला. अडचण एवढीच, की जहाज वळले म्हणजे भांड्याबरोबर द्रवही घुसळे आणि तबकडीला ओढून नेई. 1906 च्या सुमारास चेटविंड यांनी तबकडी भांड्याच्या मानाने लहान केली. कडेचा घुसळता द्रव तिच्यापासून दूर राहिला आणि लहान तबकडी मोठीपेक्षा सुवाच्य ठरली.

दुसऱ्या महायुद्धातील विमानांत आणखी एक सोय आली. काचेवरील फिरत्या कड्यात दोन समांतर तारा असत. मार्गाचा अंश एकदा लावून ठेवावा आणि तबकडीवरची उत्तर-दक्षिण रेघ त्या तारांशी समांतर राखावी. युद्धानंतर हीच रचना शिडाच्या छोट्या नौकांवर आली. तेथे रात्रीच्या पहाऱ्यावर आकडा वाचावयाचेच कारण उरले नाही.