दुचाकीवर हेडफोनचा आवाज नीट ऐकू येत नाही? आवाज वाढवण्याआधी हे वाचा

पिंपरी-चिंचवड आणि चाकण परिसरातील हजारो कामगार रोज दुचाकीने कामावर ये-जा करतात. निगडी, चिखली किंवा भोसरीहून निघायचे, मोशी ओलांडायची आणि नाशिक महामार्गाने चाकणच्या एमआयडीसीत पोहोचायचे. या प्रवासात अनेकांच्या हेल्मेटखाली इअरफोन असतो किंवा हेल्मेटमध्ये ब्लूटूथ स्पीकर बसवलेला असतो. "आवाज पूर्ण वाढवला तरी नीट कळत नाही, काय करू?" असा प्रश्न मग विचारला जातो. बहुतेक वेळा दोष स्पीकरचा नसतो. आडवा येतो तो वारा.

आवाज दबतो कशामुळे?

गाडीचा वेग साधारण ६० ते ६५ किलोमीटरच्या पुढे गेला की हेल्मेटमध्ये वाऱ्याचा आवाज इंजिनाच्या आवाजापेक्षा जास्त होतो. हेल्मेटच्या खालच्या कडेशी, हनुवटी आणि मानेजवळ, हवा भोवऱ्यासारखी घुसळते. त्यातून खोल, घुमणारा आवाज तयार होतो. या वेगाला हेल्मेटच्या आत तो सुमारे ९० डेसिबलपर्यंत जातो आणि वेग वाढेल तसा वाढत राहतो. हेल्मेट डोक्याचे रक्षण करते, पण असा खोल आवाज अडवणे त्याला फारसे जमत नाही.

गाणे किंवा बोलणे स्पष्ट कळायला ते वाऱ्यापेक्षा बरेच मोठे असावे लागते. म्हणून आपण आवाज वाढवत जातो आणि कानावर १०० डेसिबलच्या आसपास मारा होऊ लागतो.

कानाला किती आवाज सोसतो?

व्यावसायिक आरोग्यात वापरला जाणारा एक हिशेब असा: ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तास. त्यापुढे दर ३ डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून सुरक्षित वेळ निम्मी होते.

- ८८ डेसिबल: ४ तास
- ९१ डेसिबल: २ तास
- ९४ डेसिबल: १ तास
- १०० डेसिबल: फक्त १५ मिनिटे

म्हणजे पाऊण तासाच्या प्रवासात १०० डेसिबलने गाणी ऐकली, तर दिवसभराचा वाटा कामावर पोहोचण्याआधीच तिप्पट खर्च झालेला असतो.

कारखान्यातील कामगारांना धोका जास्त का?

प्रेस शॉप, फोर्जिंग, ग्राइंडिंग अशा विभागांत शिफ्टभर मोठा आवाज असतो. एरवी शिफ्ट संपल्यावर कानाला विश्रांती मिळते आणि थकलेल्या संवेदी पेशी काही प्रमाणात सावरतात. परतीच्या वाटेवर वारा आणि हेडफोन दोन्ही सुरू राहिले, तर ही विश्रांतीच मिळत नाही. शिफ्टनंतर कान थोडे बधिर असल्याने गाणे नेहमीपेक्षा हळू वाटते आणि आवाज आणखी वाढवला जातो.

आतल्या कानातील या पेशी एकदा मेल्या की पुन्हा तयार होत नाहीत. गोळ्या, थेंब किंवा शस्त्रक्रियेने हा बहिरेपणा भरून येत नाही. श्रवणयंत्राने मदत होते, पण पूर्वीसारखे ऐकू येत नाही. म्हणूनच कामावरील आवाजाने येणारा बहिरेपणा कायद्याच्या अधिसूचित व्यावसायिक आजारांच्या यादीत आहे.

आवाज न वाढवता स्पष्टता कशी वाढवावी?

१. हेल्मेट मापाचे घ्या. आयएसआय चिन्ह असलेले, पूर्ण चेहरा झाकणारे आणि गालाशी घट्ट बसणारे हवे. सैल हेल्मेटमध्ये वारा जास्त शिरतो.

२. काच पूर्ण बंद ठेवा. हनुवटीखाली आणि मानेभोवती पातळ कापडी पट्टी वापरल्यास खालून येणारा वारा कमी होतो.

३. स्पीकरची जागा तपासा. तो कानाच्या छिद्रासमोर हवा. एक-दोन सेंटिमीटर सरकला तरी आवाज खूप पडतो. जागा नीट केल्यावर आवाज कमी करूनही पुरतो.

४. वेग कमी ठेवा. वाऱ्याचा आवाज उतरवण्याचा हा बिनखर्चाचा उपाय आहे.

५. सिग्नलवर तपासा. गाडी थांबल्यावर तोच आवाज कानात टोचत असेल, तर तो धावत्या गाडीवरही जास्तच होता. तिथेच कमी करा.

६. महामार्गावरच्या लांब प्रवासात फोमचे इअरप्लग उपयोगी पडतात. बोटांत वळून बारीक करा, कानाची पाळी वर आणि मागे ओढून आत सारा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवा. आधीच कमी ऐकू येत असेल, तर डॉक्टरांना विचारूनच वापरा.

काय टाळावे?

- हेल्मेटखाली कानात खुपसायचे इअरफोन. हॉर्न ऐकू येत नाही, कानावर दाब येतो, मळ आत ढकलला जातो आणि घामामुळे कानाच्या नळीला संसर्ग होऊ शकतो.
- इअरफोनसाठी हेल्मेटचा पट्टा सैल सोडणे.
- गर्दीत कॉलवर बोलणे. हात मोकळे असले तरी लक्ष बोलण्यात अडकते. कंटेनर आणि ट्रकच्या रस्त्यावर एक क्षणही महाग पडतो. गाडी बाजूला घेऊन बोला.

डॉक्टरांकडे कधी जावे?

- शिफ्ट किंवा प्रवासानंतर कानात शिट्टी वाजल्यासारखा किंवा गुणगुणण्याचा आवाज येत असेल
- लोक पुटपुटतात असे वाटत असेल, गर्दीत शब्द कळत नसतील
- घरचे म्हणत असतील की टीव्हीचा आवाज फार मोठा ठेवता
- कान दुखत असेल, वाहत असेल किंवा बंद झाल्यासारखा वाटत असेल

एका कानाने अचानक ऐकू येणे कमी झाले, तर मळ असेल म्हणून थांबू नका. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. अशा वेळी उपचार जितके लवकर सुरू होतील तितके बरे.

आवाजाने होणारी हानी ऑडिओमेट्री या साध्या, न दुखणाऱ्या तपासणीत दिसते. सुरुवातीला आलेखात बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो आणि तेव्हा रुग्णाला स्वतःला काहीच जाणवत नसते. म्हणून आवाजाच्या विभागात काम करणाऱ्यांनी वर्षातून एकदा ती करून घ्यावी. ईएसआय कार्ड असलेल्यांनी चिंचवडमधील मोहननगरच्या ईएसआयसी रुग्णालयात, तर इतरांनी महापालिकेच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात चौकशी करावी. तपासणीच्या आधी किमान १४ ते १६ तास मोठ्या आवाजापासून दूर राहा, म्हणजे आलेख खरा येतो. त्या दिवशी दुचाकीवर हेडफोनही नको.